दुधाचे नमुने घेतले म्हणे, मग पुढं काय झालं?

श्रावण लागला की पेपरात बातमी ठरलेली. अन्न व औषध प्रशासनाची धाड, इतका किलो खवा जप्त, दुधाचे नमुने तपासणीला पाठवले. सोबत फोटो, तोंडाला मास्क लावलेले दोन साहेब आणि मधी खव्याचं घमेलं. आपण वाचतो, घरी म्हणतो यंदा पेढे घरीच करा बरं का, आणि विसरून जातो. पण ते पाठवलेले नमुने कुठं गेले, त्यात काय निघालं, दूधवाल्याचं पुढं काय झालं हे काही कधी छापून येत नाही. मलाही कधी हा प्रश्न पडला नव्हता, खोटं कशाला बोलू. गेल्या पावसाळ्यात मला रस्त्यावर धरून पंच केलं तेव्हा पडला.

झालं असं की सकाळी साडेसहाला मी बिस्किटाचा पुडा आणायला निघालो होतो, लातुरात आमच्या भागातल्या नाक्यावर एक सरकारी जीप उभी आणि मोटरसायकलला कॅन बांधून आलेले तीन-चार दूधवाले रांगेत. त्यात आमचे रतीबवाले काका पण. साहेब म्हणाले, सर दोन मिनिटं थांबा, पंच म्हणून सही लागती. त्या दोन मिनिटांचा सव्वा तास झाला, घरी चहा थंड झाला ते वेगळंच. पण त्या सव्वा तासात जे बघितलं आणि मग डोक्यात किडा वळवळला म्हणून जे वाचत बसलो, ते इथं सोप्या भाषेत लिहायलोय.

## आधी हे काम कुणाचं

दूध खराब निघालं की आपल्याकडं लोक नगरपालिकेत जातात. तिथून त्यांना हाकलून देतात, आणि ते बरोबरच आहे, कारण काम त्यांचं नाही. आधी १९५४ चा भेसळ प्रतिबंधक कायदा होता. तो जाऊन अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ आला आणि ५ ऑगस्ट २०११ पासून तोच देशभर चालतो. मानकं ठरवते दिल्लीची एफएसएसएआय (केंद्राचं अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण), आणि राज्यात ती लागू करायचं काम एफडीएचं म्हणजे अन्न व औषध प्रशासनाचं. जिल्ह्याला एक सहाय्यक आयुक्त (अन्न) आणि त्यांच्या हाताखाली अन्न सुरक्षा अधिकारी, जे हाताच्या बोटावर मोजण्याइतके असतात. त्यांच्याकडं फक्त दूध नाही, हॉटेल, किराणा, तेल, गुटखा, पाण्याच्या बाटल्या, यात्रेतले स्टॉल सगळं त्यांच्याच डोक्यावर.

दूध मापात कमी दिलं तर ते वैधमापन शास्त्र खात्याचं. गावात जेवणावळीतून उलट्या-जुलाब झाले तर आधी आरोग्य विभाग पळतो. आपल्याकडं महाशिवरात्रीला, एकादशीला भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या येतात ना, तिथं दोन्ही खाती येतात, एक पेशंट बघायला आणि दुसरं किराणा दुकानातली भगर बघायला. २०२३ मध्ये सरकारने दूध भेसळीसाठी जिल्हा पातळीवर समिती केली, अध्यक्ष अपर जिल्हाधिकारी आणि त्यात पोलीस, एफडीए, वैधमापन, पशुसंवर्धन, दुग्धविकास सगळे. म्हणजे हे एका खात्याला आवरत नाही हे सरकारनंच मान्य केलं म्हणायचं.

## नाक्यावरच्या चार बाटल्या

शितावरून भाताची परीक्षा आपण म्हणतो, पण ती परीक्षा भात नीट हलवला असंल तरच खरी. वरचं शीत कच्चं आणि बुडाला करपलेलं असू शकतं. दुधाचं तसंच. गाडीवर हेलकावे खात आलं तरी उभं राहिलं की फॅट वर यायला लागतं. म्हणून साहेबांनी आधी कॅनमधलं दूध एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात दोन-तीनदा उपडं केलं. मला वाटलं उगाच टाइमपास. नंतर कळलं की कोर्टात वकिलाचा पहिला प्रश्न हाच असतो, दूध एकजीव केलं होतं का? केलं नसलं तर केस तिथंच ढिली.

मग काकांना एक कागद दिला, की मी तपासणीसाठी नमुना घेतोय. कागदावर लिहायला विचारलं, दूध कशाचं? काका छाती काढून म्हणले, "म्हशीचं." हा शब्द लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

अर्धा लिटर दूध घेतलं आणि त्याचे पैसे दिले. काका लाजून म्हणायले राहू द्या की साहेब, साहेब म्हणले घ्यावेच लागतात, पावतीवर सही करा. नमुना फुकट घेतला तर तो नमुनाच होत नाही, विकत घेतला पाहिजे, कारण हा माल विक्रीसाठीच होता हे त्यातून सिद्ध होतं.

मग त्या अर्ध्या लिटरचे चार भाग, चार स्वच्छ कोरड्या बाटल्या. बूच, वरून कागदाची पट्टी, तिच्यावर आधीच वरच्या साहेबांची सही आणि कोड नंबर, त्यावर जाड कागद, दोरा, आणि मेणबत्तीवर वितळवलेली लाख टपटप टाकून पितळी शिक्का. लाखेचा तो वास लहानपणी पोस्टात यायचा तसा. पट्टीवर काकांची सही अशी घेतली की अर्धी पट्टीवर आणि अर्धी कागदावर, म्हणजे कुणी मधी उघडलं तर सही तुटणार.

चार कशाला? एक बाटली जाते अन्न विश्लेषकाकडं, म्हणजे सरकारी लॅबमधल्या तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याकडं. दोन राहतात सहाय्यक आयुक्तांच्या ताब्यात. आणि चौथी बाटली दूधवाल्याच्या हक्काची, त्यानं मागणी केली तर त्याच्या खर्चानं मान्यताप्राप्त खाजगी लॅबला जाते. लॅबला नाव कळत नाही, फक्त कोड. बारावीचा पेपर तपासायला जातो तसंच, तपासणाऱ्याला माहीत नाही हा कुणाचा पोरगा.

## "बघा, साहेबच केमिकल टाकायलेत"

हे गर्दीतला एक जण खरंच म्हणला. कारण बाटल्या बंद करायच्या आधी साहेबांनी ड्रॉपरनं प्रत्येकीत थेंब टाकले. ते फॉर्मलीन. दूध नासू नये म्हणून कायद्यातच सांगितलंय की नमुन्यात ते घालायचं, आणि घातलं असं लेबलवर लिहायचं. हेच फॉर्मलीन दूधवाल्यानं कॅनमध्ये टाकलं तर गुन्हा, कारण ते पोटात जाणार, बाटलीतलं कुणी पिणार नाही.

यातली मेख अशी की फॉर्मलीन टाकलेल्या बाटलीत जंतू किती होते हे तपासता येत नाही, ते मरून गेले. त्यासाठी वेगळा नमुना, निर्जंतुक बाटली, बर्फाची पेटी, तासांचा हिशोब. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं ४२ डिग्रीत हे करणं किती अवघड आहे तुम्हीच बघा. त्यामुळं नाक्यावरच्या तपासणीत बहुतेकदा दुधात काय-काय मिसळलंय ते तपासलं जातं, दूध किती स्वच्छ आहे ते नाही. आपल्याला वाटतं दूध तपासलं म्हणजे सगळं तपासलं, आणि तिथंच आपण फसतो.

## लॅबमध्ये काय बघतात

दोन शब्द आधी समजून घ्या, बाकी सगळं सोपं आहे. फॅट म्हणजे साय-लोण्यात जाणारा स्निग्धांश. एसएनएफ म्हणजे फॅट आणि पाणी सोडून दुधात जे उरतं ते, प्रोटीन, दुधाची साखर, खनिजं. गावात कुठल्याही डेअरीवर ऐका, "आज ३.५ - ८.५ लागलं का?" म्हणजे फॅट साडेतीन, एसएनएफ साडेआठ. त्यावर भाव. ज्यांच्या घरी गाय आहे त्यांना हे मी काय सांगू.

फॅट काढायची जुनी पक्की पद्धत म्हणजे काचेच्या नळीत दूध आणि जहाल ॲसिड घालून गरगर फिरवायचं, फॅट सुटून वर येतं, पट्टीवर मोजायचं. पाण्यासाठी लॅक्टोमीटर. विहिरीत पोहायला शिकताना पाठीला डबा बांधायचो, तसाच तो काचेचा डबा समजा, दूध घट्ट तेवढा तो वर तरंगतो, पातळ झालं की बुडतो. चांगल्या दुधात त्याचा आकडा साधारण २६ ते ३२ च्या मधी.

पण लॅक्टोमीटर भोळा आहे. फॅट पाण्यापेक्षा हलकं असतं, त्यामुळं दुधातलं फॅट काढून घेतलं की उरलेलं दूध जड होतं आणि आकडा वाढतो. मग त्यात पाणी घातलं की आकडा परत जागेवर. फॅटही गेलं, पाणीही आलं आणि लॅक्टोमीटर म्हणतो सगळं ठीक. म्हणून नुसत्या लॅक्टोमीटरवर विसंबून कुणाला चोर किंवा साव ठरवता येत नाही, फॅट आणि आकडा दोन्ही सोबत बघावे लागतात.

आता चोरानं पुढचं पाऊल टाकलं. पाण्यानं पातळ झालेलं दूध जड कसं करायचं? साखर, मीठ, युरिया, पावडर. युरिया स्वस्त, खतासाठी पोतं घरात असतंच, पांढरा, विरघळतो. पण इथं एक गोष्ट लोकांना माहीत नसते, दुधात थोडा युरिया निसर्गतःच असतो. जनावरानं प्रोटीनवाला चारा खाल्ला की तो रक्तात आणि रक्तातून दुधात येतो. म्हणून कायद्यानं मर्यादा ठेवलीय ७०० पीपीएम, म्हणजे एका लिटरला साधारण ०.७ ग्रॅम. "दुधात युरिया सापडला" एवढ्यावर भेसळ ठरत नाही, किती सापडला ते विचारायचं. फॅट भरून काढायला तेल घातलं तर ते दुधात मिसळायला डिटर्जंट, दूध टिकवायला हायड्रोजन पेरॉक्साइड, आंबट झालेलं लपवायला सोडा. प्रत्येकाला वेगळी टेस्ट.

ही चाचणीला फसवायची युक्ती जगभर झालेली आहे. चीनमध्ये २००८ ला लहान मुलांच्या दूध पावडरीत मेलामाइन नावाचं केमिकल घातलं, कारण तिथली चाचणी प्रोटीन मोजायला नायट्रोजन मोजायची आणि मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर. ६ बाळं गेली आणि ३ लाखांच्या आसपास आजारी पडली.

## 'फेल' म्हणजे नक्की काय झालं

बातमीत सरसकट लिहितात, नमुने फेल. कायद्यात फेलचे तीन वेगळे प्रकार आहेत आणि त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक.

पहिला कमी दर्जाचा. म्हणजे ठरलेल्या मापात बसत नाही पण पिऊन काही होणार नाही. दुधात पाणी घातलं (आणि ते पाणी स्वच्छ असलं) तर इथं. दंड ५ लाखांपर्यंत. दुसरा मिथ्याछाप, सरकारी शब्द आहे, म्हणजे लेबलवर किंवा तोंडी एक सांगितलं आणि आत दुसरं. तेलापासून केलेलं ॲनालॉग पनीर तसं लिहून विकलं तर गुन्हा नाही, पनीर म्हणून विकलं तर आहे. दंड ३ लाखांपर्यंत. तिसरा असुरक्षित, म्हणजे खरंच तब्येतीला घातक. इथं फौजदारी केस, तुरुंग. कुणाला इजा झाली नसली तरी ३ महिन्यांपर्यंत कैद आणि ३ लाखांपर्यंत दंड, गंभीर इजा झाली तर ६ वर्षांपर्यंत, आणि माणूस गेला तर कमीत कमी ७ वर्षे, जास्तीत जास्त जन्मठेप, वर किमान १० लाख दंड.

पहिल्या दोन प्रकारांत कोर्टात जायचीही गरज नसते, न्यायनिर्णय अधिकारी सुनावणी घेऊन दंड ठोकतात. त्यामुळं 'भेसळखोराला अटक का नाही' हा प्रश्न विचारायच्या आधी रिपोर्टमध्ये कुठला शब्द आहे ते बघावं लागतं.

## ६८ टक्के खरे की ९३ टक्के?

व्हॉट्सॲपवर फिरतं ते असं, देशातलं ६८ टक्के दूध भेसळीचं, जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलंय की २०२५ पर्यंत ८७ टक्के भारतीयांना कॅन्सर होणार. दुसरं वाक्य निव्वळ थाप, तशी सूचना त्या संघटनेनं कधी दिलीच नव्हती. पहिल्यात मात्र एक खरा आकडा अर्धवट वापरलाय. २०११ ला एफएसएसएआयनं १,७९१ नमुने घेतले आणि ६८.४ टक्के मापात बसले नाहीत. मापात बसले नाहीत, म्हणजे वरचा पहिला प्रकार जास्त करून, पाणी आणि दूध पावडर. विष नव्हे.

नंतर २०१८ ला मोठा सर्व्हे झाला, १,१०३ गावं-शहरं, ६,४३२ नमुने. त्यात ९३ टक्के पिण्याला सुरक्षित निघाले. लगेच दुसऱ्या बाजूचे लोक नाचले, बघा दूध शुद्ध आहे. थांबा जरा. त्याच सर्व्हेत ४१ टक्के नमुने फॅट-एसएनएफसारख्या कुठल्यातरी मापात कमी पडले. सुरक्षित पण कमी दर्जाचं, दोन्ही एकाच वेळी खरं. भाजीवाल्यानं किलोला नऊशे ग्रॅम दिली तर भाजी विषारी नसते, पण आपण लुटलो गेलोच ना?

आणि त्या सर्व्हेतला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला आकडा कुणी फॉरवर्ड करत नाही. युरिया, डिटर्जंट असली मुद्दाम केलेली घातक भेसळ निघाली फक्त १२ नमुन्यांत. आणि ॲफ्लाटॉक्सिन एम१ नावाचं विष मर्यादेपेक्षा जास्त निघालं ३६८ नमुन्यांत. बारा आणि तीनशे अडुसष्ट. शिवाय ७७ नमुन्यांत जनावराला दिलेल्या अँटिबायोटिकचे अंश. आपण सगळे १२ च्या मागे काठी घेऊन धावतोय.

## हे ॲफ्लाटॉक्सिन येतं कुठून

बुरशीतून. सरकी पेंड, मका, शेंगदाणा पेंड ओलसर जागी ठेवली की हिरवट-पिवळट बुरशी धरते, ती बुरशी हे विष तयार करते. जनावरानं ती पेंड खाल्ली की साधारण दिवसाभरात ते रूप बदलून दुधात उतरतं. मराठवाडा म्हणजे कापसाचा मुलूख, सरकी पेंड घराघरात. चार महिने गळकं पत्र्याचं शेड, पोतं भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवलेलं. उन्हाळ्यात चारा नाही म्हणून जे मिळंल ते घालायचं. कुणी मुद्दाम करत नाही, पण होतं.

मर्यादा किती कडक आहे सांगतो. एका किलो दुधात अर्धा मायक्रोग्रॅम. आपल्याला टँकर चांगला माहीत आहे, दुष्काळानं शिकवलाय. दहा हजार लिटरचे शंभर टँकर दूध घ्या, त्या सगळ्यांत मिळून अर्धा ग्रॅम. एवढ्यापेक्षा जास्त नको, कारण हे विष लिव्हरला घातक आहे आणि हळूहळू रोज पोटात जातं. हे मोजायला लागणारी मशीन महाग, ती प्रत्येक ठिकाणी नाही, म्हणून रोजच्या तपासणीत ही टेस्ट दरवेळी होत नाही.

आणि आता कायद्यातली गंमत ऐका. २००६ च्या कायद्यातच लिहिलंय की हा कायदा शेतकऱ्याला, शेतीच्या कामाला, जनावराला लागू नाही. गोठ्याच्या दारात कायदा थांबतो. शेतकऱ्याला इन्स्पेक्टरचा जाच नको म्हणून हे केलं, आणि मला ते पटतं. पण मग पेंडीचं पोतं बघायचं कुणी? साहेब कॅन तपासू शकतात, कॅनच्या मागचं पोतं नाही.

## "आम्ही उकळून पितो, आम्हाला काय होतंय"

उकळल्यानं जंतू मरतात, हे शंभर टक्के खरं, आणि सुटं दूध उकळूनच प्यावं. पिशवीचं दूध पाश्चराइज केलेलं असतं, म्हणजे ७२ डिग्रीला १५ सेकंद तापवून लगेच गार केलेलं. पण ॲफ्लाटॉक्सिन उकळून जात नाही. युरिया जात नाही. अँटिबायोटिकही बहुतेक तसंच राहतं. गाईला कासदाह झाला म्हणजे कास सुजली, डॉक्टरनं कासेत ट्यूब सोडली, तर औषधावर लिहिलेले दिवस ते दूध कुणाला द्यायचं नसतं. पण घरचा सगळा खर्च दुधावर असंल तर चार दिवसांचं दूध ओतून द्यायला काळीज मोठं लागतं. इथं मला शेतकऱ्यावर राग येत नाही, कारण ते चार दिवस त्याला कुणी भरून देत नाही.

## "रिपोर्ट येईपर्यंत दूध पिऊन झालं की"

हो, झालं. नमुना मिळाल्यापासून १४ दिवसांत विश्लेषकानं रिपोर्ट द्यायचा असं कायदा म्हणतो, आणि सुटं दूध दुपारपर्यंत संपतं. रिपोर्ट विरोधात गेला तर दूधवाल्याला ३० दिवसांत अपील करता येतं, मग राखून ठेवलेली एक बाटली रेफरल लॅबला, म्हणजे फेरतपासणीच्या वरच्या लॅबला जाते आणि तिचा निकाल अंतिम. त्यानंतर कारवाई. गुन्हा झाल्यापासून वर्षाच्या आत केस दाखल करायची, कारण लिहून ती मुदत ३ वर्षांपर्यंत वाढवता येते. म्हणजे ही सगळी व्यवस्था आजचं दूध अडवण्यासाठी नाहीच, पुढच्या वेळी हा माणूस घाबरावा म्हणून आहे. ट्रॅफिकचा कॅमेरा गाडी थांबवत नाही, पावती घरी पाठवतो, तसं.

आजच्या आज थांबवायचं तर फिरती व्हॅन लागते, जागेवर दहा मिनिटांत अंदाज देणारी. तशा व्हॅन आहेत, त्यावर 'फूड सेफ्टी ऑन व्हील्स' लिहिलेलं असतं. पण तिचा निकाल कोर्टात चालत नाही, तो फक्त इशारा. सर्व्हेसाठी घेतलेल्या नमुन्याचं तेच, त्यावरून दंड होत नाही, फक्त कुठं लक्ष द्यायचं ते कळतं. त्यामुळं 'इतके नमुने घेतले' ही बातमी आली की पहिला प्रश्न, कारवाईचे की सर्व्हेचे?

## "सगळे मिळालेले असतात हो"

हे मी नाक्यावर पाच वेळा ऐकलं. कुठंच काही होत नसंल असं मी म्हणणार नाही, आपण सगळे याच देशात राहतो. पण कोड नंबर, चार बाटल्या, पंच, दूधवाल्याची स्वतःची बाटली हे सगळं त्याच संशयापोटी केलेलं आहे, दोन्हीकडच्या संशयापोटी. आणि पंच म्हणून आपल्याला बोलावलं तर आपण काय करतो? "मला ऑफिसला उशीर होतोय." माझ्या आधी चौघांनी हेच सांगितलं होतं, पाचवा मी, बिस्किटामुळं सापडलो.

## घरी काय करता येतं

स्टार्चसाठी आयोडीन. दूध किंवा खवा उकळून थंड करून आयोडीनचे दोन-तीन थेंब, निळं झालं तर पीठ आहे. डिटर्जंटसाठी तेवढंच पाणी घालून बाटलीत जोरात हलवा, दाट फेस टिकून राहिला तर शंका घ्या. युरियाची टेस्ट मला लई आवडली कारण ती आपल्या लातूरच्या तुरीवर चालते. चमचाभर दुधात अर्धा चमचा तुरीचं किंवा सोयाबीनचं पीठ, हलवून पाच मिनिटं थांबायचं, मग लाल लिटमस कागद अर्धा मिनिट बुडवायचा. निळा झाला तर युरिया जास्त. कारण तुरीत एक द्रव्य असतं जे युरिया फोडून अमोनिया करतं. लिटमस कागद शाळेच्या साहित्याच्या दुकानात मिळतो.

खव्याला तर टेस्टही नको, गणित पुरतं. किलोभर खव्याला साधारण पाच लिटर दूध आटवावं लागतं. दूध ६० रुपये धरलं तर नुसत्या दुधाचे ३०० झाले, वर सरपण आणि तीन तास ढवळणारे हात. दिवाळीत कुणी २२० रुपये किलोनं खवा देत असंल तर तो दानधर्म करतोय का? कुंथलगिरीच्या भट्टीवर एकदा उभं राहून बघा, कढईला खालून लागू नये म्हणून माणूस उलथनं थांबवत नाही, त्या कष्टाचा भाव कमी होऊच शकत नाही.

तक्रारीसाठी एफडीएचा टोल फ्री १८०० २२२ ३६५. बिल घ्या, पाकिटावरचा १४ आकडी एफएसएसएआय नंबर लिहून ठेवा. आणि एक हक्क फार कमी लोकांना माहीत आहे, कायद्याच्या कलम ४० नुसार साधा ग्राहकही फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो, फक्त विकत घेतानाच दुकानदाराला सांगायचं की मी हे तपासायला देणार आहे. माल दोषी निघाला तर फी परत. रतीबाच्या काकांना सकाळी दारात असं सांगायची हिंमत कुणात आहे ते मात्र बघावं लागंल.

## काकांचं काय झालं

दीड-दोन महिन्यांनी काकांनी खिशातून घडी घातलेला रिपोर्ट काढून दाखवला. फॅट ४.८, एसएनएफ ८.७. युरिया, डिटर्जंट, स्टार्च काही नाही. तरी शेरा कमी दर्जाचा. काका चिडून म्हणायले, थेंबभर पाणी घातलं नाही हो, देवाशप्पथ. आणि ते खरं बोलत होते. त्यांच्याकडं दोन म्हशी आणि एक देवणी गाय, सगळं दूध एका कॅनमध्ये. मिश्र दुधाला ४.५ आणि ८.५ लागतं, त्यात हे आरामात पास होतं. पण कागदावर लिहिलं होतं "म्हशीचं", आणि म्हशीच्या दुधाला एसएनएफ ९ लागतो. एका शब्दानं घात केला. मी म्हणलं अपील करा, ते म्हणले कोण फिरतं त्या मागं, दंड लागंल तो भरीन.

रविवारी गोठ्यावर गेलो होतो त्यांच्या, रिपोर्ट समजावून सांगायला म्हणून. म्हशी धुतलेल्या, कॅन घासून पालथे घातलेले, माणूस टापटिपीचा आहे. कोपऱ्यात सरकी पेंडीचं पोतं, पत्र्यातून पाणी गळून खालची बाजू ओली, आणि तोंड उघडून बघितलं तर आत हिरवट ढेकळं. मी सांगितलं काका हे नका घालू. ते म्हणले उन्हात दोन दिवस टाकतो, बुरशी झडून जाती. मी म्हणलं बुरशी झडंल, विष जाणार नाही. त्यांनी पोत्याकडं बघितलं, भाव सांगितला, ढेकळं वेगळी काढून बाजूला टाकली आणि उरलेल्या पोत्याचं तोंड सुतळीनं बांधलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला बेल वाजली, पातेलं घेऊन मीच गेलो. आता ते विचारल्यावर "मिक्स दूध आहे" म्हणतात.